साग सुटीवर, ऊन जंगलात

एप्रिलात परतवाड्याहून सेमाडोहकडे निघालेला नवखा पाहुणा हमखास विचारतो, "जंगल वाळलं का हो?" वाळलं नाही, साग सुटीवर गेलाय! पाणी वाचवायला तो हिवाळा सरता सरता पानं टाकतो आणि नवी पालवी थेट पावसाच्या तोंडावर काढतो. मधले काही महिने मेळघाटाला छप्परच नसतं.

युरोपातल्या पानगळीच्या जंगलांत वसंतात झाडांना पानं फुटायच्या आत खालची इवली फुलं ऊन आणि ओल दोन्ही लुटून घेतात. आपल्याकडे उलटा कारभार. ऊन मुबलक, तेव्हा जमीन कोरडी ठणठणीत. पाऊस आला, की साग फूट-दीड फुटाची पानं पसरून ऊन अडवतो. मधे फट उरते ती थोड्या दिवसांची. म्हणून सफेद मुसळी, रानहळद ही मंडळी जमिनीखाली शिदोरी बांधूनच बसलेली असतात. पहिल्या सरींना वर!

सगळ्यांचं घड्याळ मात्र एक नाही. पळस पानांविनाच पेटतो. कुसुम भर उन्हाळ्यात लालभडक पालवी मिरवतो. ओढ्याकाठचे अर्जुन-जांभूळ हिरवे राहतात. दुपारी सांबरं-गवे शोधायचे तर तिकडेच.

बरं, सागानं छत्री उघडली म्हणून ती शाबूत राहते थोडीच? पावसाळा ओसरताना एका पतंगाच्या अळ्या पानांतला हिरवा गर खाऊन नुसती जाळी ठेवतात, आणि उन्हाचे कवडसे पुन्हा खाली.

या विरळ रानाचा खरा लाभार्थी रानपिंगळा. १८८४ नंतर हा पक्षी नाहीसाच झाला असं धरलं होतं. १९९७मध्ये तो शहाद्याजवळ सापडला आणि पुढे मेळघाटातही. घुबड असून हा दिवसाढवळ्या शिकार करतो. उघड्या फांदीवर बसून खालचा सरडा टिपायचा, तर मधे पानांची गर्दी कशाला?

वनखात्यालाही निष्पर्ण रान सोयीचं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावरून प्राणी मोजतात, ते चांदणं जमिनीपर्यंत पोचतं म्हणूनच. त्या उजेडात पांढऱ्या सालीचं कांडोळ पाहिलं, की भल्याभल्यांची टरकते.

अकोलेकरांनी अकोटमार्गे नरनाळा मे महिन्यात पाहावा, अमरावतीकरांनी चिखलदरा जुलैत. आणि जाता-येता कुणाच्या बांधावर साग दिसला, तर मालकाला विचारून एक कोवळं पान बोटांत चुरगळा. बोटं लाल होतात.