निळा भुंगेरा, तांबडे पाय

चेन्नईच्या कासिमेडू बंदरावरची सुकी मासळी, म्हणजे तमिळमधला करुवाडू, नीट वाळली नाही किंवा दमट जागी पडून राहिली की तिच्यात पाचेक मिलिमीटरचा एक चकचकीत निळा भुंगेरा धावताना दिसू लागतो. तोच खोबऱ्यातही निघतो. नेक्रोबिया रूफिपेस हे त्याचं शास्त्रीय नाव. डी गीर या स्वीडिश कीटकशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये त्याचं वर्णन केलं. साडेतीन हजारांवर जातींच्या क्लेरिडे कुळातला हा जगभर सर्वांत दूरवर पसरलेला सभासद असावा. इजिप्तच्या ममींमध्येही तो सापडला आहे.

निळा रंग पाहून नाव ठरवायला जाल तर हमखास फसाल. पानं खाणारे कित्येक भुंगेरे असेच निळे चकाकतात. पण त्यांच्या मिशा दोऱ्यासारख्या सरळ असतात. नेक्रोबियाच्या मिशांचं टोक जाड, गदेसारखं असतं. भिंग घेतलं की अंगावरचे ताठ काळे केस आणि पंखांच्या कवचावरच्या बारीक खळग्यांच्या रांगा दिसतात. पावलाला पाच सांधे असतात, पण चौथा इतका चिमुकला की चारच वाटतात.

खरी परीक्षा सख्ख्या भावंडांत, म्हणजे नेक्रोबियाच्याच इतर जातींत आहे. रूफिपेसचे पाय तांबडे, मिशांचा बुडखाही तांबूस, बाकी अंग निळं. थंड मुलखात अधिक आढळणाऱ्या व्हायोलेसियाचे पाय आणि मिशा दोन्ही गडद. रूफिकोलिसचे पाय तांबडेच, पण छातीचा वरचा भाग आणि पंखांचं मूळही तांबडं.

या रूफिकोलिसने एक माणूस वाचवला आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात पिएर आंद्रे लात्रेय हा कीटकशास्त्रज्ञ पाद्री बोर्दोच्या तुरुंगात होता. कोठडीत सापडलेल्या या भुंगेऱ्याकडे तो बारकाईने बघत बसलेला तुरुंगाच्या डॉक्टरला दिसला. भुंगेरा तरुण निसर्गप्रेमी बोरी द सँ-व्हॅन्साँकडे पोचला, आणि त्याच्या खटपटीतून लात्रेयची सुटका झाली. पॅरिसमध्ये लात्रेयच्या समाधीवर या कीटकाचं नाव कोरलेलं आहे.

भुंगेऱ्यांची जात ओळखण्याला व्यवहारातही मोल आहे. मासळीत केसाळ अळ्या दिसल्या तर त्या बहुधा डर्मेस्टिस या तपकिरी-काळ्या भुंगेऱ्याच्या. त्या मासळी पोखरतात. रूफिपेस त्यांना आणि माश्यांच्या अळ्यांना खातो, पण मासळी अन् खोबरंही सोडत नाही. त्याला शेतकऱ्याचा मित्र किंवा शत्रू असं एकच लेबल लावणं माझ्या मते चुकीचं आहे. कुजून वाळत आलेल्या मृतदेहांवरही तो येतो, म्हणून न्यायवैद्यक तपासात त्याची नोंद घेतात. तिथे जात चुकली तर निष्कर्षही चुकू शकतो.

तुमच्या सुकटीत किंवा खोबऱ्याच्या डब्यात असा निळा किडा निघाला, तर नुसता वरून फोटो काढून थांबू नका. पाय आणि मिशा दिसतील असा एक फोटो बाजूने, एक पोटाकडून घ्या. किडा स्पिरिटच्या बाटलीत ठेवा, आणि गाव, तारीख, तो कशावर सापडला, एवढं चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून ती चिठ्ठी बाटलीतच टाका.