मालिकेच्या दारातली कविता

बारान बो ओडार आणि यान्त्ये फ्रीझे या जर्मन जोडीची ‘१८९९’ ही मालिका २०२२ साली नेटफ्लिक्सवर आली. तिची सुरुवातच एमिली डिकिन्सनच्या कवितेने होते. माणसाचा मेंदू आभाळापेक्षा विशाल आहे, असं ही अमेरिकन कवयित्री त्यात सांगते. प्रेक्षकाला ही कविता आधी नुसती सुंदर वाटते. पण ज्या बोटीवर मालिकेची कथा घडते, तिथलं सगळं जग खरं नसून मनात रचलेलं आहे, हे शेवटी कळतं, तेव्हा कोड्याचं उत्तर पहिल्याच मिनिटाला दिलं होतं हे ध्यानात येतं. मला ही योजना फार मोलाची वाटते, कारण इथे कविता शोभेपुरती नाही, कथानकाचा कणाच आहे.  याच जोडीच्या ‘डार्क’ या मालिकेतही जुन्या साहित्याचा असा आधार दिसतो: तिथली मार्था शाळेच्या नाटकात ग्रीक पुराणातली आरिआद्ने होते.