नावाने दुय्यम, कामाने मुख्य!

कॅनडाच्या क्युबेक प्रांतातील वाल्कूर या गावी जोसेफ-आर्मां बोंबार्दिए यांनी १९५९ मध्ये ‘स्की-डू’ बाजारात आणली आणि बर्फावर धावणारे हलके वाहन सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. कॅनडा, अलास्का, उत्तर स्कँडिनेव्हिया येथील दुर्गम वस्त्यांसाठी स्नोमोबाईल ही आज केवळ हौस नाही. वस्तीपासून दूर ती बंद पडली, तर प्रसंग जिवावर बेतू शकतो. तिच्या प्रवासाचा भरवसा ज्या भागांवर असतो, त्यांपैकी एक म्हणजे दुय्यम क्लचमधील स्प्रिंग.

आपल्याकडील गिअर नसलेल्या स्कूटरप्रमाणेच स्नोमोबाईलमध्येही दोन पुली आणि त्यांवरून फिरणारा रबरी पट्टा अशी रचना असते. इंजिनाकडील मुख्य क्लच वेग वाढताच पट्टा स्वतःच्या परिघाकडे ढकलतो. दुय्यम क्लचच्या दोन तबकड्या त्या वेळी एकमेकींपासून दूर होतात आणि पट्टा आत सरकतो. या उघडण्याला विरोध करते ती स्प्रिंग. पट्टा घट्ट धरून ठेवणे आणि चढ लागताच तबकड्या पुन्हा जवळ आणून ‘खालचा गिअर’ देणे, ही तिची दोन कामे.

वापराने स्प्रिंग शिथिल होते. मग पट्टा घसरतो, तापतो, जळका वास येतो. चढावर इंजिनाचे फेरे घटतात. अशा वेळी नुसता पट्टा बदलणे म्हणजे रोग सोडून लक्षणावर उपचार करणे होय.

स्प्रिंग बदलण्यापूर्वी इंजिन बंद करून किल्ली काढावी व यंत्र थंड होऊ द्यावे. पट्ट्यावरील बाणाची दिशा लक्षात ठेवून तो उतरवावा. मधला बोल्ट काढताना मिळणाऱ्या चकत्या त्याच क्रमाने जपून ठेवाव्यात. दोन्ही क्लच एका रेषेत राहणे त्यांवर अवलंबून असते. क्लच खोलण्याआधी आतील उतरत्या खाचांचा भाग, म्हणजेच हेलिक्स, आणि तबकडी यांवर जुळणीची खूण करावी. स्प्रिंग कोणत्या छिद्रात अडकवली आहे, हेही टिपून ठेवावे.

खरा धोका यापुढे आहे. दाबलेली स्प्रिंग अचानक सुटल्यास बोटे वा डोळे जायबंदी होऊ शकतात. म्हणून दाब देणारे खास हत्यार लावूनच कडी काढावी, दाब हळूहळू सोडावा आणि डोळ्यांवर चष्मा असावा. नवी स्प्रिंग बसविताना तिची टोके ठरलेल्या छिद्रांत जावीत. पिळावर चालणाऱ्या प्रकारात छिद्र बदलले की पीळ बदलतो आणि त्याबरोबर क्लचचे वागणेही. तबकड्यांच्या पृष्ठभागाला ग्रीस किंवा तेलकट हात लागू देऊ नये. बोल्ट उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच आवळावा आणि शेवटी पट्ट्याचा ताण तपासावा.

‘जास्त कडक तेवढी चांगली’ हा समज मात्र चुकीचा आहे. कडक स्प्रिंगमुळे फेरे वाढतात. पण ती प्रमाणाबाहेर कडक असल्यास गाडी वरच्या वेगाला उशिरा पोहोचते, पट्ट्यावरही नाहक भार पडतो. उंचीचाही विचार करावा लागतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती दर ३०० मीटर उंचीमागे साधारण ३ टक्क्यांनी घटते. आपल्याकडील पर्यटक ज्या गुलमर्गला स्नोमोबाईलवर बसतात, ते सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तेथे ही घट जवळपास पाव हिश्शाची होते. साहजिकच सपाटीवरची जुळणी डोंगरावर तशीच चालेल असे नाही.

म्हणून एका वेळी एकच बदल करावा, मोकळ्या जागी गाडी चालवून पूर्ण वेगातील फेरे पुस्तिकेतील आकड्यांशी ताडून पाहावेत आणि मगच पुढचा बदल करावा. हिमप्रदेशात दूरच्या वाटेला लागण्यापूर्वी कार्यशाळेत घालवलेला एखादा तास, परतीच्या वाटेवर आपले मोल सिद्ध करतो.