स्विम जिगसाठी रॉड घेताना ‘जिग’ या शब्दावर जाऊ नका

‘जिगच टाकणार ना? मग हेवी रॉड घे, डोळे मिटून.’ अमेरिकेत बास मासा गळाला लावायचं वेड नव्यानं लागलेल्या माणसाला दुकानात, धक्क्यावर आणि ऑफिसातल्या अनुभवी सहकाऱ्याकडून मिळणारा हा पहिला सल्ला. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. फक्त तो बोलत असतो दुसऱ्याच जिगबद्दल.

जिग म्हणजे गळाच्या मानेवर ओतलेलं शिशाचं किंवा टंगस्टनचं डोकं आणि त्याभोवती सिलिकॉनच्या झिरमिळ्या. बुडालेल्या झुडपात, लव्हाळ्यांच्या मुळाशी तो अलगद सोडायचा, तळाला टेकू द्यायचा आणि ठोका जाणवला की खच्चून झटका मारायचा, ही झाली फ्लिपिंगची पद्धत. कॅलिफोर्नियाच्या डी थॉमस यांनी १९७५ साली आर्कान्सामधल्या बुल शोल्स तलावावरची स्पर्धा याच पद्धतीनं जिंकली. त्यानंतर साडेसात फुटी, काठीसारख्या ताठ ‘फ्लिपिंग स्टिक’चा जमाना आला आणि जिग म्हटलं की ताठ रॉड, हे समीकरण डोक्यात पक्कं बसलं.

स्विम जिग त्याच घराण्यातला, पण तो तळाला बसत नाही. पाण्याच्या वरच्या दोन-तीन फुटांत, गवताच्या शेंड्यांना घासत तो एकसारखा ओढत आणायचा असतो. त्याचं डोकं निमुळतं असतं आणि लाइन बांधायची कडी अगदी नाकाच्या टोकावर असते, म्हणजे गवत बाजूला सारत तो पुढे सरकतो. मागे अडकवलेल्या रबरी ट्रेलरची शेपटी वळवळत राहते. वापराच्या दृष्टीनं त्याचं नातं तळाच्या जिगपेक्षा स्पिनरबेट या ओढत आणायच्या आमिषाशी जवळचं. रॉड निवडताना बहुतेक चुका होतात त्या एवढी एक गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे.

‘स्विम जिग सगळे सारखेच’ हा दुसरा गैरसमज, आणि तो जास्त महागात पडतो. या आमिषाची मोठी परंपरा विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉसच्या आसपासची. तिथे मिसिसिपी नदीवर १९३०च्या दशकात बंधारे आणि जलपाश बांधले गेले, नदीचे एकामागून एक जलाशय झाले आणि मुख्य प्रवाहाच्या दोन्ही अंगांना उथळ, गवताळ पाणी पसरलं. कमळाची पानं, जंगली भात, रिबिनीसारखं लांब गवत. ला क्रॉसचे टॉम मॉन्सूर यांचं नाव या भागातल्या स्विम जिगशी कायमचं जोडलं गेलंय. तिकडचा जिग अंगानं किरकोळ: पाव औंस म्हणजे सात ग्रॅमच्या आसपास वजन, विरळ झिरमिळ्या, गवत अडवणारे मऊ केस आणि बारीक तारेचा गळ. बारीक तार माशाच्या जबड्यात सहज रुतते, जोर लावावा लागत नाही. पण याच गळावर हेवी रॉड आणि जाड ब्रेडेड, म्हणजे विणलेली लाइन लावून झटका मारलात, तर मासा लागतो, दोन उसळ्या घेतो आणि सुटतो. जिग हातात घेऊन पाहावं तर गळाचं तोंड फाकलेलं. मग आपण गळ बनवणाऱ्याला शिव्या घालतो.

आता दक्षिणेला, अलाबामातल्या गंटर्सव्हिलला जाऊ. टेनेसी नदीवरचा हा जलाशय गवतासाठी प्रसिद्ध आहे आणि त्या गवतात हायड्रिलाही आहे. होय, तीच हायड्रिला, जिची फांदी चंचुपात्रात उलट्या नरसाळ्याखाली ठेवून आपण शाळेत प्रकाशसंश्लेषणाचा प्रयोग केला होता. मत्स्यालयांच्या व्यापारातून ती १९५०च्या दशकात श्रीलंकेहून फ्लोरिडात आली आणि दक्षिणेकडच्या तलावांत माजली. या गुंत्यात चार-पाच पौंडांचा बास शिरला की त्याच्यासोबत गवताचा भाराही ओढावा लागतो. म्हणून तिकडच्या जिगचा गळ जाड तारेचा, वजन तीन अष्टमांश किंवा अर्धा औंस आणि लाइन पन्नास पौंडांची ब्रेडेड. इथे हेवी रॉडचा सल्ला चुकीचा नाही. थोडक्यात, आधी गळाची तार बघायची, मग आपल्या तलावातलं गवत आणि मग रॉड. बहुतेक जण नेमके उलट्या क्रमानं जातात.

रॉडवर ‘मीडियम हेवी, फास्ट’ असं लिहिलेलं असतं आणि हे दोन्ही शब्द एकाच गोष्टीबद्दल आहेत असं समजणारे खूप भेटतात. पहिला शब्द ताकदीचा: रॉड वाकवायला किती जोर लागतो. दुसरा वाकण्याच्या जागेचा: फास्ट रॉड शेंड्याकडच्या साधारण तिसऱ्या हिश्शात वाकतो, मॉडरेट जवळजवळ अर्ध्यापर्यंत. ताकद भरपूर आणि शेंडा मऊ, असा रॉड असू शकतो, आणि स्विम जिगला बहुतेक वेळा तोच हवा असतो. कारण बास आमिष दातांनी तोडत नाही. तो तोंड आणि कल्ले एकदम उघडतो आणि पाण्यासकट आमिष आत ओढून घेतो. आपण जिग सतत खेचत असतो, त्यामुळे शेंडा ताठ असला तर जिग पुरता आत जात नाही आणि मासा ओठाच्या कडेला लागतो. शेंड्यानं जरा दम धरला, की जिग तोंडात खोल जातो.

त्यातही लाइनचा हिशेब आहेच. ब्रेडेड लाइन जवळपास ताणली जात नाही, म्हणून तिच्यासोबत मॉडरेट-फास्ट रॉड शोभतो. ‘फ्लुरोकार्बनही ताणली जात नाही’ हे मात्र दुकानातलं मिथक. ती चांगली ताणली जाते, आणि लांबवर फेकल्यावर तर झटक्याचा बराच जोर त्या ताणातच मुरतो. पंधरा ते वीस पौंडांची फ्लुरोकार्बन वापरणाऱ्यानं म्हणूनच थोडा ताठ, फास्ट रॉड घ्यावा.

चावा कसा कळतो, याबद्दलही भलत्या अपेक्षा असतात. ठोका दरवेळी येतोच असं नाही. रॉडचा शेंडा थोडा वर, जिगच्या शेपटीची बारीक थरथर मुठीत जाणवतेय, आणि अचानक ती थांबते. कधी लाइन जड होते. कधी उलट सैल पडते, कारण मासा जिग घेऊन तुमच्याच दिशेनं निघालेला असतो. अशा वेळी टीव्हीवर दाखवतात तसा डोक्यावरून झटका मारला, तर सैल लाइनच हवेत उडते. भराभर रीळ फिरवून लाइन ताणून घ्यायची आणि रॉड आडवा, जोरात पण एकसंध ओढायचा. मऊ शेंड्याचा रॉड इथेही तुमची घाई पोटात घालतो.

आता लेबलाबद्दल. मीडियम हेवी म्हणजे नेमकं किती, याचं सर्व कंपन्यांना बांधील असं मापच नाही. एका कंपनीचा मीडियम हेवी दुसरीकडे हेवी म्हणून विकला जाऊ शकतो. याला वैतागून डॉ. विल्यम हॅनिमन यांनी ‘कॉमन सेंट्स’ नावाची मोजणी काढली. रॉड आडवा धरायचा, शेंड्याला पिशवी टांगायची आणि रॉडच्या एक तृतीयांश लांबीइतका शेंडा खाली येईपर्यंत तिच्यात एक सेंटची नाणी टाकत राहायची. जितकी नाणी तितकी ताकद. अलीकडच्या काळातलं नाणं अडीच ग्रॅमचं, त्यामुळे मोजमाप कोणाच्याही घरी सारखंच येतं. मला ही युक्ती अनेक कंपन्यांच्या रंगीत कॅटलॉगांपेक्षा प्रामाणिक वाटते. दुकानात कोणी पिशवी टांगू देणार नाही, पण लेबलावरचे आमिषाच्या वजनाचे आकडे तरी वाचता येतात. ते वाचताना एक ध्यानात ठेवा: जिगच्या पाकिटावरचं वजन डोक्याचं असतं. झिरमिळ्या आणि ट्रेलर मिळून त्यात सहा-सात ग्रॅमची भर सहज पडते. तीन अष्टमांश औंसाचा जिग फेकताना तुम्ही प्रत्यक्षात अर्ध्या औंसाहून जास्त वजनाचं काहीतरी फेकत असता.

‘जास्त टनांचा ग्रॅफाइट म्हणजे जास्त चांगला रॉड’ हे तर जाहिरातींचं अपत्य. टनांचा आकडा धाग्याचा ताठरपणा सांगतो, मजबुती नव्हे. ताठर धाग्याचा रॉड हलका आणि संवेदनशील बनतो, पण ठिसूळपणाकडेही झुकतो. ‘आयएम सहा’, ‘आयएम आठ’ ही नावं मुळात हेक्सेल या एका कंपनीच्या धाग्यांची. दर्जाचा शिक्का म्हणून ती कोणी ठरवलेली नाहीत. तळाच्या जिगला, जिथे नुसत्या स्पर्शावरून चावा ओळखायचा असतो, तिथे महागड्या रॉडचा पैसा वसूल होतो. सतत चालत्या स्विम जिगला तितका होत नाही. माझं मत विचाराल, तर मधल्या किमतीचा रॉड घ्यावा आणि उरलेले पैसे चांगल्या लाइनवर घालावेत. किमतीत एक छुपा भागही असतो: रॉड बनवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्याला दहा टक्के केंद्रीय अबकारी कर भरावा लागतो, रॉडमागे जास्तीत जास्त दहा डॉलर. १९५०च्या डिंगेल-जॉन्सन कायद्यानुसार तो पैसा राज्यांच्या मत्स्यसंवर्धनाला जातो. हा खर्च मला कधी खटकला नाही.

लांबीचं फार काही नाही. बोटीतून सात फूट ते सात फूट चार इंच. किनाऱ्यावर झाडांच्या फांद्या डोक्यावर असतील किंवा कयाकमध्ये बसून गरवायचं असेल, तर सात फुटांच्या वर जाऊ नये. बेटकास्टिंग रिळाशिवाय स्विम जिग टाकताच येत नाही, हेही खरं नाही. पाव औंसाचा जिग मीडियम हेवी स्पिनिंग रॉडनं छान जातो, आणि नवशिक्याची लाइनच्या गुंत्यातून सुटका होते.

शेवटी अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांचा प्रश्न: सात फुटी अखंड रॉड सेडान गाडीत कसा न्यायचा? दोन तुकड्यांचा रॉड कमजोर असतो म्हणून तो घ्यायचा नाही, असं ठामपणे सांगणारे भेटतील. जुन्या धातूच्या जोडांच्या काळात त्यात तथ्य होतं. आजचे ग्रॅफाइटचे जोड स्विम जिगच्या कामाला पुरून उरतात. रॉड मोडतात ते बहुधा इतर कारणांनी: गाडीच्या दारात सापडून, बोटीच्या काठावर आपटून पडलेल्या बारीक चिरेतून, किंवा मासा जवळ आल्यावर रॉड उभा करून त्याला शेंड्यानंच उचलायला गेल्यामुळे. दोन तुकड्यांचा रॉड घेतलात, तर फेकाफेकीत जोड सैल होतो, तेवढा अधूनमधून पिळून घट्ट करत जा. तो तसाच सैल राहिला, तर मात्र तिथूनच फुटतो.