वर्ग २ ची जमीन आणि बँकेचे बंद दार

सिंदी (रेल्वे) हे नाव आता ड्राय पोर्टमुळे सर्वदूर गेले आहे. इथला माल थेट परदेशी जाणार म्हणतात. जावो! पण तो माल पिकविणाऱ्याला पेरणीसाठी पैसा कोण देतो?

पीक कर्जाची जुनी वाट गावच्या सेवा सहकारी सोसायटीतून जिल्हा बँकेकडे जाते. वर्धा जिल्हा बँकेला २०१२ साली रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. २०१४ साली केंद्राने देशातील २३ जिल्हा बँका सावरायला घेतल्या. त्यांत महाराष्ट्रातील तीन होत्या, नागपूर, वर्धा आणि बुलढाणा. तिन्ही विदर्भातल्याच! बँक बुडते संचालकांच्या राज्यात, दार मात्र बंद होते अल्पभूधारकाचे.

उरली राष्ट्रीयीकृत बँक. तिथे शासनाने दिलेल्या जमिनीचा सातबारा पुढे केला, की 'वर्ग २ आहे, कर्ज बसत नाही' असे ऐकावे लागते. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी जमिनीसाठी तुरुंग भरले. ज्यांच्या हाती जमीन आली, त्यांच्या हाती पत अजून आली नाही.

बांधवांनो, बँकेचे हे उत्तर कायद्याला धरून नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम ३६(४) वाचा. वर्ग २ च्या भोगवटादाराला सहकारी संस्थेकडे, स्टेट बँकेकडे, राष्ट्रीयीकृत बँकेकडे कर्जासाठी जमीन गहाण ठेवता येते. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. ठेक्याने शेती करणाऱ्यांना संयुक्त देयता गट करून कर्ज मागता येते.

बँकेने परतविलेला माणूस सावकाराकडे जातो. २००८, २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्या बँकेच्या कर्जापुरत्या होत्या. विनापरवाना सावकाराचा कर्जदार त्यांत कुठेच नव्हता. त्याची जमीन मात्र खरेदीखताने गेली. त्यालाही मार्ग आहे. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याच्या कलम १८ प्रमाणे, सावकारीच्या व्यवहारात १५ वर्षांच्या आत लिहून घेतलेली जमीन चौकशीअंती परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला आहे.

म्हणून तोंडी विनंती बंद करा. कर्जाचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या. नकार मिळाला तर तोही कारणासह लेखी मागा. एका माणसाला साहेब टोलवतो. वीस जण एकाच दिवशी अर्ज घेऊन उभे राहिले, तर त्याला कायदा उघडून पाहावाच लागेल. बाबासाहेबांनी कायद्याचे शस्त्र दिले. ते कपाटात ठेवण्यासाठी नाही!