विश्लेषण : वीजग्रिड सांभाळणारे सॉफ्टवेअर कोण लिहिते? या क्षेत्रात करिअर कसे घडते?

घरात बटण दाबताच दिवा लागतो, तेव्हा तेवढी वीज त्याच क्षणी कुठल्या तरी केंद्रात तयार होत असते. मागणी आणि निर्मितीचा हा मेळ राखण्यासाठी भार प्रेषण केंद्रांना खास सॉफ्टवेअर लागते. ते घडवणाऱ्या अभियंत्यांचे काम फारसे दिसत नाही. चुकले, तर मात्र शहरे अंधारात जातात.

हे सॉफ्टवेअर काय करते?

भारतात ग्रिडची वारंवारिता ५० हर्ट्झच्या आसपास ठेवावी लागते. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की ती घसरते. ‘स्काडा’ प्रणाली उपकेंद्रांतील मोजमापे दर काही सेकंदांनी गोळा करते. त्यांतील काही आकडे चुकीचे असतात, काही पोहोचतच नाहीत. अशा अपुऱ्या माहितीतून ग्रिडची खरी स्थिती काढण्याच्या गणिताला ‘स्टेट एस्टिमेशन’ म्हणतात. एखादी वाहिनी आत्ता बंद पडली तर भार कुठे सरकेल, याचीही आकडेमोड सतत सुरू असते.

चूक झाली तर काय होते?

१४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेतील ओहायोमध्ये एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातील इशारा देणारी यंत्रणा दुपारी बंद पडली. प्रोग्रॅमचे दोन भाग एकाच वेळी एकाच माहितीत बदल करू लागल्याने हा दोष उद्भवला होता. तासाभराहून अधिक काळ कर्मचाऱ्यांना त्याचा पत्ताच नव्हता. दरम्यान, झाडांना टेकून वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या. अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातील ओंटारियो मिळून सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. लाखो ओळींच्या कोडमधील ती चूक शोधायला कित्येक आठवडे लागले.

कोणते शिक्षण हवे?

विद्युत अभियांत्रिकी आणि प्रोग्रॅमिंग, दोन्ही. लोड फ्लोचे गणित, सी प्लस प्लस, पायथन, डेटाबेस आणि सायबर सुरक्षा हा पाया. ‘पॅन्डापॉवर’सारख्या मोफत साधनांवर विद्यार्थ्यांना घरीच सराव करता येतो. सीमेन्स, हिताची एनर्जी यांसारख्या कंपन्या अशा प्रणाली बनवतात. ‘ग्रिड इंडिया’ आणि राज्यांची भार प्रेषण केंद्रे त्या वापरतात. मुंबईत पश्चिम विभागाचे, तर ऐरोलीत राज्याचे असे केंद्र आहे.

इतर आयटी नोकरीपेक्षा वेगळे काय?

ॲप बिघडले तर ते बंद करून पुन्हा सुरू करता येते; ग्रिड थांबवून दुरुस्ती करता येत नाही. त्यामुळे नवा कोड लिहिण्यापेक्षा त्याच्या चाचण्यांवर अधिक वेळ जातो, बदल सावकाश होतात. झटपट काम दाखवण्याची सवय असलेल्यांना हे कंटाळवाणे वाटू शकते.

पुढे संधी का?

सूर्यास्ताच्या सुमारास सौर वीज झपाट्याने घटते आणि त्याच वेळी घरोघरी मागणी वाढते. ही तफावत जलविद्युत, औष्णिक केंद्रे आणि बॅटऱ्यांनी भरून काढावी लागते. हवामानाचा अंदाज घेऊन त्याचे नियोजन आधीच करणारे प्रोग्रॅम आता ग्रिडची गरज बनले आहेत.