दहा श्वासांना एक मणी

एक मिनिटाची वाळूघडी आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी. वरच्या ओळीत चार हिरवे मणी आणि एक लाल, खालच्या ओळीत पाच हिरवे आणि एक लाल. दाईनं वाळूघडी उलटायची, बाळाच्या पोटावर नजर ठेवायची आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा आणि औषध सुरू करायचं. खालची ओळ दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी, कारण तिथं धोक्याची रेघ मिनिटाला साठ श्वासांवर आहे. मोठ्या मुलाला ती पन्नासावर. दाईला साठपर्यंत मोजता आलं नाही तरी अडत नाही, दहापर्यंत आलं की झालं.

हे ब्रेथ काउंटर गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेत तयार झालं. १९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि त्यानंतर चारेक वर्षांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथं ही संस्था उभी केली. पुढं धानोरा रस्त्यावर शोधग्राम वसलं. तिथल्या दवाखान्याला दंतेश्वरी देवीचं नाव दिलं आहे.

इथं दवाखाना चालवणं आणि मोजणं ही दोन वेगळी कामं कधीच नव्हती. माझ्या मते सर्चचं खरं वैशिष्ट्य यातच आहे, औषधं तर पुष्कळांनी वाटली. दाई आणि गावातले कार्यकर्ते न्यूमोनिया ओळखून को-ट्रायमोक्साझोल देऊ लागले, तेव्हा बालमृत्यू किती घटले ते शेजारच्या गावांशी ताडून पाहिलं गेलं. तो निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला.

नंतर वळण नवजातांचं. ३९ गावांत थोडं शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळ ऊबदार ठेवायचं, वजन करायचं, श्वास अडला तर पिशवी-मास्कनं हवा द्यायची, जंतुसंसर्ग दिसला तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही द्यायचं. शेवटच्या गोष्टीवर अनेक डॉक्टरांच्या भुवया उंचावल्या असतील, तर नवल नाही. १९९३ ते ९५ या काळात हजार जन्मांमागे सुमारे ६२ नवजात दगावत होते, १९९७-९८ मध्ये तो आकडा २५च्या आसपास आला. तुलनेच्या ४७ गावांत मात्र घट नव्हती. ती ४७ गावं नसती तर ‘काळच बदलला’ असं कुणीही म्हणू शकलं असतं. अर्थात, तुलनेपुरतं बाजूला राहणं त्या गावांच्या वाट्याला का यावं, हा प्रश्न मनातून जात नाही.

मोजणीचा काच सरकारला जाणवला तो २००१ मध्ये. सर्चच्या पुढाकारानं निघालेल्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालानं राज्यात वर्षाला पावणेदोन लाखांच्या आसपास बालमृत्यू होत असल्याचा अंदाज मांडला आणि सरकारी नोंदीत त्यातले बरेच उतरतच नाहीत हे दाखवलं. सरकारनं बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली आणि अध्यक्षपद अभय बंग यांच्याकडेच दिलं.

मोजणीची दुसरी वाट लोकांच्या हातातली. राज्यात २००७ पासून ‘लोकाधारित देखरेख’ सुरू झाली, पुढं चंद्रपूर आणि गडचिरोलीही तिच्यात आले. उपकेंद्रात नर्सबाई येतात का, औषधं बाहेरून आणायला लावतात का, हे गावकरीच तपासणार आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडणार. इथं लॅन्सेटची काटेकोर शिस्त नाही, पण वैद्यकीय अधिकाऱ्याला समोरासमोर उत्तर द्यावं लागतं.

२०११ पासून नवजाताची घरपोच काळजी देशभर आशाताईंकडे आली. दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा भेटी, घरी झालं तर सात, आणि मोबदला अडीचशे रुपये. गडचिरोलीच्या प्रयोगात आरोग्यदूताच्या नोंदी पर्यवेक्षक गावात जाऊन ताडून पाहत असत. देशभरात भेटींचं वेळापत्रक पोचलं, ही तपासणी त्याच जोमानं पोचली असं मला वाटत नाही. अडीचशे रुपये भरलेल्या फॉर्मवर मिळतात, आणि फॉर्म भरायला बाळाचं पोट मिनिटभर निरखावं लागत नाही.